'मिनिमल' म्हणजे नक्की किती, आणि माझा मॉलिक्यूल गेला का?

पत्र (थोडं कापून): "मॅडम, मी मूळची सांगलीची, हैदराबादला एका कंपनीत मेडिसिनल केमिस्ट आहे. तीन वर्षं ज्या मॉलिक्यूलवर घासली त्याचा रॅटमधला २८ दिवसांचा टॉक्स (विषारीपणाच्या चाचणीचा) रिपोर्ट आलाय आणि मला पॅथॉलॉजीच्या भागातलं अक्षरही कळत नाहीये. लिव्हरमध्ये सेंट्रीलोब्युलर हायपरट्रॉफी, मिनिमल टू माइल्ड, मिड आणि हाय डोसला. हाय डोसला किडनीत हायलाइन ड्रॉपलेट्स, ते पण फक्त नरांमध्ये. थायमसमध्ये लिम्फोसाइट्स कमी. लंगमध्ये फोमी मॅक्रोफेजेस. चार अवयव गेले की! आणि खाली लिव्हरचं नॉन-अ‍ॅडव्हर्स (अपायकारक नाही) असं लिहून मोकळे झालेत. मी एक्सेलमध्ये ग्रेड्सचं अ‍ॅव्हरेज काढलं, मिड डोसला १.४ आलं, टी-टेस्ट पण केली. आणि कळलं की पॅथॉलॉजिस्टला स्लाइड बघताना डोस ग्रुप माहीत असतो! हे सायन्स आहे की मत? गुरुवारी टीम मिटिंग आहे. ता.क. पॅथॉलॉजिस्टला सरळ फोन केला तर चालतं का?"

अगं, आधी एक घोट पाणी पी. (मी तुला तू म्हणतेय, राग मानू नकोस, माझी लेक तुझ्याच वयाची आहे.) चार अवयव "गेले" नाहीयेत, चार अवयवांत काहीतरी दिसलंय, आणि दिसणं आणि जाणं यात जो फरक आहे ना, त्या फरकावरच आम्हा टॉक्स पॅथवाल्यांचं, म्हणजे औषधाने अवयवांत काय केलं ते स्लाइडवर वाचणाऱ्यांचं, पोट चालतं.

तुझा सगळ्यात मोठा आक्षेप आधी घेते, तो ब्लाइंडिंगचा, म्हणजे बघणाऱ्यापासून ग्रुप लपवण्याचा, कारण बाहेरच्या प्रत्येकाला तिथे धक्का बसतो. क्लिनिकल ट्रायलवाले तर आमच्याकडे असं बघतात की जणू आम्ही पेपर फोडून परीक्षा दिलीय. हो, पहिल्या वाचनात पॅथॉलॉजिस्टला माहीत असतं की कंट्रोल (औषध न दिलेला ग्रुप) कुठला आणि हाय डोस कुठला, आणि ते मुद्दाम असतं. सुपात तांदूळ निवडणारी बाई आधी मूठभर तांदूळ हातात घेऊन बघते की हा कुठला तांदूळ, याचा दाणा केवढा, यात कणी किती असतेच, आणि मग खडा वेचते. तसं आम्हाला आधी कळावं लागतं की या स्टडीतल्या, या वयाच्या, या जातीच्या, या लॅबमध्ये या हातांनी कापलेल्या रॅटचं नॉर्मल काय आहे. कंट्रोल रॅट म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याच्या लिव्हरमध्ये इथे तिथे इन्फ्लमेटरी सेल्सचे छोटे ठिपके असतात, नर रॅटच्या किडनीत वयाबरोबर येणारे बदल लवकर सुरू होतात, हृदयात पण बारीकसारीक सापडतं. हे सगळं न बघता कोडेड स्लाइड्स हातात दिल्या तर माणूस एकतर सगळंच लिहून ठेवेल नाहीतर बारीक फरक हातातून सुटेल. मग जिथे फरक अगदी काठावरचा वाटतो, तिथे तेवढाच अवयव परत, ग्रुप लपवून बघायचा, ही आमची नेहमीची पद्धत. शिवाय दुसरा पॅथॉलॉजिस्ट पीअर रिव्ह्यू करतो, त्याचे जीएलपीचे (लॅबच्या कामाच्या शिस्तीचे) नियम कसे असावेत यावर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०१४ चा वेगळा कागदच आहे. तेव्हा बायस नसतो असं मी म्हणत नाही, असतोच, पण तो ओळखून त्याला वेसण घातलेली आहे. तुझ्या रिपोर्टच्या मागे पीअर रिव्ह्यूचं स्टेटमेंट असेल, ते शोध आधी.

आता ते १.४. डिलीट कर. खरंच, हे वाचून झालं की आधी ती शीट डिलीट कर, गुरुवारी कुणाला दाखवू नकोस. ग्रेड १ म्हणजे मिनिमल, २ माइल्ड, ३ मॉडरेट, ४ मार्क्ड, ५ सिव्हिअर, हे आकडे दिसतात आकड्यांसारखे पण ते मोजमाप नाहीत, ते पायऱ्या आहेत, आणि पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. १ आणि १ मिळून २ होत नाही. मिनिमल म्हणजे "नॉर्मलच्या जरा पलीकडे, पण शोधावं लागलं", आणि मार्क्ड म्हणजे स्लाइड उघडल्या उघडल्या अंगावर येतं. यातली रेषा कुठे ओढायची ते प्रत्येक पॅथॉलॉजिस्टचं थोडं वेगळं असतं, म्हणून तर सहसा एका स्टडीचे सगळे प्राणी एकच माणूस वाचतो, म्हणजे रेषा निदान त्या स्टडीपुरती हलत नाही. म्हणूनच या स्टडीतलं मिनिमल आणि गेल्या वर्षीच्या दुसऱ्या लॅबच्या स्टडीतलं मिनिमल शेजारी ठेवून "वाढलं" किंवा "कमी झालं" म्हणायचं नसतं. तुम्ही केमिस्ट लोक आयसी-५० च्या (किती मात्रेत क्रिया निम्म्यावर येते त्या आकड्यांच्या) टेबलाला सरावलेले, त्यामुळे हे पचायला जड जातं, मला मान्य आहे.

मग बघायचं काय? इन्सिडन्स टेबल, म्हणजे कुठल्या ग्रुपात किती प्राण्यांत दिसलं. कंट्रोलमध्ये १० पैकी ३, लो मध्ये २, मिड मध्ये ४, हाय मध्ये ३, असं असेल तर तो बॅकग्राउंडचा गोंगाट. आणि ०, ०, ४, ९ असं असेल, वर हाय डोसला ग्रेड पण चढलेली असेल, तर औषधाचा हात आहे. टी-टेस्टची गरजच नाही, डोळ्यांना दिसतं. जे टेबल मधेच लटकतं, म्हणजे ० आणि १ आणि ० आणि २, तिथे पॅथॉलॉजिस्टची झोप उडते, आणि तिथेच तो मत देतो, आणि हो, ते मतच असतं. तू विचारलंस सायन्स की मत. शिकलेल्या डोळ्याचं मत, पुराव्यासकट लिहिलेलं, दुसऱ्याने तपासलेलं. रेडिऑलॉजिस्ट एक्स-रे वाचतो तेव्हा आपण असं विचारतो का?

एक मात्र कबूल करते, यात शितावरून भाताची परीक्षा असते आणि कधी कधी शीत पण नीट शिजलेलं नसतं. विचार कर, ८० रॅट, प्रत्येकाचे चाळीसेक टिश्यू, म्हणजे ३,२०० च्या आसपास टिश्यू. (म्हणून बऱ्याचदा आधी कंट्रोल आणि हाय डोसच पूर्ण वाचतात, आणि जिथे काही सापडलं तेवढेच अवयव लो आणि मिडमध्ये बघतात. तुझ्या रिपोर्टमध्ये लो डोसच्या स्प्लीनची ओळच नसेल तर ते विसरलेत असं समजू नकोस.) प्रत्येक टिश्यू आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसतो, मग मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचा काप निघतो, मग हिमॅटोक्सिलिन-इओसिनचा जांभळा-गुलाबी रंग. अख्ख्या लिव्हरमधून तेवढाच एक काप. आणि या रस्त्यात कुठेही गडबड झाली तरी ती स्लाइडवर "लीजन" (इजा) बनून येते. आतड्याची म्युकोसा मेल्यावर काही मिनिटांत सुटायला लागते, ताजा मेंदू जरा दाबला गेला की न्यूरॉन्स काळे आकसलेले दिसतात, टेस्टिस साध्या फॉर्मॅलिनमध्ये टाकले की ट्यूब्यूल्स अशा आकसतात की बघणाऱ्याला वाटावं औषधानेच केलं, म्हणून त्यांना मॉडिफाइड डेव्हिडसन्स द्रावण वापरतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट, लॅबचं नाव नको, बीगल कुत्र्यांच्या स्टडीत मी हाय डोसच्या दोन नरांच्या टेस्टिसमध्ये स्पर्मच नाहीत असं पाहून रात्रभर जागले, सकाळी सिनियरने विचारलं, "वय बघितलंस का?" सात-आठ महिन्यांची पोरं ती, अजून वयातच आली नव्हती. परळच्या कॉलेजात पाच वर्षं जनावरांची डॉक्टरकी शिकून आलेली मी, आणि कुत्रा वयात कधी येतो हे विसरले. तेव्हापासून टेबलाच्या आधी प्राण्याचं वय बघते.

आता तुझे चार अवयव.

लिव्हर. सेंट्रीलोब्युलर म्हणजे सेंट्रल व्हेनच्या भोवतालच्या पेशी, आणि तिथेच सायटोक्रोम एन्झाइम्सची सगळ्यात जास्त गर्दी असते. तुझा मॉलिक्यूल आला, लिव्हरने बघितलं की रोज रोज हा पाहुणा येतोय, तिने स्वयंपाकघर वाढवलं, म्हणजे स्मूथ एंडोप्लास्मिक रेटिक्युलम वाढलं, पेशी फुगल्या (हीच हायपरट्रॉफी), लिव्हरचं वजन वाढलं. याला अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणतात. पेशी मेलेल्या नाहीत, एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात चढणारं एन्झाइम) वाढलेलं नाही, पित्ताच्या बाजूने काही नाही, तर हे नॉन-अ‍ॅडव्हर्स म्हणायचं, यावर २०१२ मध्ये युरोपियन टॉक्स पॅथ सोसायटीच्या तज्ज्ञांनी बसून सविस्तर लिहून ठेवलंय. पण त्याच जागी, त्याच सेंट्रल व्हेनपाशी, पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस पेशी मारून टाकतो, कारण तिथलीच एन्झाइम्स त्याचं विषारी मेटाबोलाइट बनवतात. जागा एकच, हायपरट्रॉफी वेगळी, नेक्रोसिस (पेशी मरणं) वेगळा. तेव्हा रिपोर्टमध्ये नेक्रोसिस हा शब्द शोध, क्लिनिकल केमिस्ट्रीचं टेबल शेजारी उघड. आणि थायरॉइडची ओळ पण बघ, कारण रॅटमध्ये लिव्हरची एन्झाइम्स वाढली की थायरॉक्सिन (थायरॉइडचं हार्मोन) भराभर बाहेर टाकलं जातं, मग टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) चढतं, मग थायरॉइडच्या पेशी वाढतात, आणि दोन वर्षांच्या स्टडीत ट्यूमरपर्यंत गोष्ट जाऊ शकते. फेनोबार्बिटॉलचं हे जुनं, प्रसिद्ध प्रकरण आहे. माणसात हे इतक्या सहज होत नाही, पण पुढे कुणीतरी विचारणारच, तर आजच माहीत असलेलं बरं.

किडनी, फक्त नर. हे वाचून मी तर हसले, कारण हे आमच्या धंद्यातलं क्लासिक. नर रॅटचं लिव्हर अल्फा-टू-यू ग्लोब्युलिन नावाचं एक प्रोटीन भरपूर बनवतं. काही केमिकल्स त्याला चिकटतात, मग ते प्रोटीन किडनीच्या ट्यूब्यूलमध्ये नीट पचत नाही आणि थेंब थेंब साठत जातं, तेच तुझे हायलाइन ड्रॉपलेट्स. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हेच करतं, अनलेडेड पेट्रोलची वाफ पण. माणसात हे प्रोटीन त्या रूपात नाहीच, म्हणून अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने १९९१ मध्येच सांगितलं की या रस्त्याने आलेला नर रॅटचा किडनी ट्यूमर माणसाच्या धोक्यासाठी धरू नका. पण, आणि हा पण मोठा आहे, "फक्त नरांत दिसलं म्हणजे तेच" असं गृहीत धरायचं नाही. इम्युनोस्टेन (ठरावीक प्रोटीनच रंगवणारी चाचणी) करून ते प्रोटीन तेच आहे हे दाखवावं लागतं. मिटिंगमध्ये हे काम आत्ताच मागून घे, ब्लॉक्स अजून ठेवलेले असतात.

थायमस, म्हणजे लिम्फोसाइट्स तयार करणारा अवयव. हाय डोसच्या रॅटचं वजन किती घटलं बघ, अ‍ॅड्रिनल (स्ट्रेसचं हार्मोन बनवणारी ग्रंथी) वाढली का बघ. वजन घटलंय, अ‍ॅड्रिनल वाढलीय, थायमस आकसलाय, तर बहुतेक स्ट्रेस, आजारी प्राण्याचं अंग असंच बोलतं. वजन छान आणि थायमस मात्र रिकामा, तर मग इम्यून सिस्टमवर सरळ मार आहे का ते बघायला लागेल.

आणि लंग. गंमत अशी की तू पत्रात याला सगळ्यात शेवटी टाकलंस आणि मला सगळ्यात जास्त रस इथे आहे. फोमी मॅक्रोफेजेस म्हणजे पोटात फेस भरल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी, आणि त्या दिसल्या की पहिली शंका फॉस्फोलिपिडोसिसची. लायसोसोममध्ये (पेशीतल्या आम्लाच्या पिशवीत) फॉस्फोलिपिड साठून राहतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कांद्याच्या पापुद्र्यासारखं दिसतं. अमिओडॅरोन करतं, क्लोरोक्वीन करतं. का करतं? ते तूच मला सांग! तुझ्या मॉलिक्यूलला एका टोकाला बेसिक अमीन आणि दुसऱ्या टोकाला तेलकट रिंग आहे का? पीकेए (बेसिकपणाचं माप) ८ च्या वर, लॉगपी (तेलकटपणाचं माप) चढलेला? मग तो लायसोसोमच्या आम्लात शिरला की चार्ज होऊन अडकणारच, बाहेर यायला त्याला दार नाही. पॅथॉलॉजिस्टने फक्त फेस बघितलाय, त्याला तुझं स्ट्रक्चर कुणी दाखवलेलं असेलच असं नाही.

लोक पॅथॉलॉजिस्टला निकाल वाचणारा जज समजतात, आणि रिपोर्ट आला की मान खाली घालतात नाहीतर भांडायला उठतात. तसं नसतं गं. गिधाडांचं घे. नव्वदच्या दशकात राजस्थानात भरतपूरच्या केवलादेवमध्ये बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) विभू प्रकाश यांनी पाहिलं की गिधाडं झपाट्याने कमी होतायत. मग सगळीकडेच. मुंबईत पारशांच्या डुंगरवाडीवर (जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात) गिधाडं येईनाशी झाली, आमच्या गावाबाहेर मेलेलं ढोर दिवसच्या दिवस सडत पडायला लागलं, आधी तासाभरात फडशा व्हायचा. आपल्याकडे बऱ्याच जणांचा संशय होता की एखादा व्हायरस असणार. तिकडे पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमने मेलेली गिधाडं उघडायला सुरुवात केली, तर आत लिव्हरवर, हृदयाच्या आवरणावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. व्हिसरल गाउट. युरिक अ‍ॅसिड शरीराबाहेर जात नव्हतं कारण किडनीच्या ट्यूब्यूल्स मेलेल्या होत्या. व्हायरस शोधले, बॅक्टेरिया शोधले, जड धातू, कीटकनाशकं, काहीच जुळेना. स्लाइड एवढंच सांगत होती, "किडनी, आणि अचानक". औषधाचं नाव स्लाइडवर लिहिलेलं नसतं! मग त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना आणि औषधवाल्यांना विचारलं की किडनीला त्रास देणारं आणि पोटातून घेतलं तरी शोषलं जाणारं असं कुठलं औषध तुम्ही गुराढोरांना देता, तर उत्तर आलं डायक्लोफिनॅक. तपासलं तर किडनी फेल झालेल्या २५ च्या २५ गिधाडांत डायक्लोफिनॅक सापडलं, आणि ज्या १३ जणांची किडनी ठीक होती त्यांच्यात एकातही नाही. २००४ मध्ये नेचरमध्ये आलं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं, पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं. तोवर आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपलीच होती. आता यात पॅथॉलॉजिस्टने काय केलं? प्रश्न बरोबर जागी नेऊन ठेवला. उत्तर गुरांच्या डॉक्टरांकडे होतं, केमिस्टच्या मशीनमध्ये होतं.

उलटंही होतं, म्हणजे स्लाइड साफ आणि माणूस मेला. फियालुरिडिन, हिपॅटायटिस बी साठीचं औषध, १९९३, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेतली ट्रायल, १५ पेशंट. ७ जणांचं लिव्हर फेल झालं, ५ गेले, २ जण लिव्हर ट्रान्सप्लांट होऊन वाचले. त्याआधीच्या प्राण्यांच्या स्टडीजमध्ये असं लिव्हर फेल्युअर दिसलेलं नव्हतं, मार मायटोकॉन्ड्रियावर होता आणि हळूहळू चढत गेला. म्हणून तुझ्या रिपोर्टमध्ये जे अवयव "नथिंग रिमार्केबल" आहेत त्यांच्यावर पण फार विसंबू नकोस.

नोएलचं. म्हणजे ज्या डोसपर्यंत अपाय दिसला नाही तो सगळ्यात मोठा डोस. पूर्ण नाव एनओएईएल, पण सगळे नोएलच म्हणतात. तुझ्या रिपोर्टमध्ये तो बहुतेक मिड डोसला येईल, कारण मिडला फक्त लिव्हर आणि ते नॉन-अ‍ॅडव्हर्स. मिटिंगमध्ये कुणीतरी तो आकडा ब्रह्मवाक्यासारखा फेकेल. पण नोएल हा त्या डोसमध्ये लपलेला गुणधर्म नाही, तो तुम्ही निवडलेल्या तीन डोसपैकीच एक असतो, मिड आणि हायमध्ये दहापटीचं अंतर ठेवलं असेल तर खरी रेषा मधे कुठेही असू शकते. आणि मिलिग्रॅम पर किलो बघण्यापेक्षा त्या डोसला रक्तातली पातळी किती होती, एयूसी (रक्तात एकूण किती औषध राहिलं त्याचं माप) किती, माणसात किती लागणार आहे, हे तुमच्या पीकेवाल्याला (रक्तातली पातळी मोजणाऱ्याला) विचार. तिथे पटीचं अंतर चांगलं असेल तर या चारही गोष्टी जगू देणाऱ्या आहेत. रिकव्हरी ग्रुप (औषध थांबवून पुढे ठेवलेले प्राणी) होता का तेही बघ, लिव्हरची सूज दोन आठवड्यांत उतरलेली दिसायला हवी, लंगचा फेस मात्र इतक्यात जाईलच असं नाही, तो सावकाश जातो.

तर मॉलिक्यूल गेला का? जे तू लिहिलंयस त्यावरून नाही. बॅकअप मॉलिक्यूलमध्ये मात्र ते अमीन जरा कमी बेसिक करता येतंय का बघायला लाग, आजपासून.

आता ता.क. फोन करावा का? अगं करच, पण आधी तुमच्या स्टडी मॉनिटरला सांगून, कारण जीएलपी स्टडीत मागच्या दाराने झालेलं बोलणं नंतर ऑडिटमध्ये सगळ्यांच्या गळ्याशी येतं. आणि रिपोर्ट ड्राफ्ट आहे की सही झालेला, ते विचार. ड्राफ्ट असेल तर तुझ्या प्रश्नाने पॅथॉलॉजिस्ट एखादं वाक्य सुधारेल, पण "हे शब्द जरा सौम्य करा ना" असं कधी म्हणू नकोस, त्यानंतर तो तुझा फोन उचलणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. स्ट्रक्चरचा प्रिंट घेऊन जा, पीकेचा ग्राफ घेऊन जा. आमच्यातले बहुतेक व्हेटर्नरीवाले, दिवसभर अंधाऱ्या खोलीत एकटे मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेले, कुणी केमिस्ट येऊन "मला लंग दाखवा" म्हणाली तर चहा मागवतील. दोन जणांनी एकत्र बघायचा मायक्रोस्कोप असेल तर त्यावर आधी कंट्रोलचं लंग बघायला माग, मग हाय डोसचं. आणि फोकसच्या चाकाला हात लावू नकोस. फॉर्टी-एक्सची लेन्स स्लाइडवर टेकली की टिचकन आवाज येतो, आणि ती स्लाइड जीएलपीची असते.